डिकल सुकल्यावर पांढरा का पडतो: दोन मिग, तीन फजित्या आणि एक टॉर्च

डिकल म्हणजे मॉडेल विमानावर पाण्यात भिजवून बसवायचं छापील चित्र. तो ओला असतो तेव्हा सगळं छान दिसतं. तिरंगी गोल बरोबर जागी, नंबर सरळ रेषेत, जणू रंगवूनच काढलाय. आपण खूश होऊन दिवा बंद करतो. सकाळी चहाचा कप घेऊन बघायला जावं तर आकड्यांच्या मधली पारदर्शक फिल्म, जी दिसायलाच नको, तिथे चंदेरी धुकं जमलेलं. समोरून बघितलं तर कमी, विमान जरा तिरकं धरलं की लख्ख. याला सिल्व्हरिंग म्हणतात. माझ्याकडे हे तीनदा झालं आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. मी मात्र तिन्ही वेळा आधी डिकल छापणाऱ्याला शिव्या घातल्या.

आधी विमानांबद्दल, कारण उत्तर तिथेच दडलं होतं. मी मिग-२१ या लढाऊ विमानाच्या मॉडेलांच्या मागे लागलोय याचं कारण आमचा मामा. तो ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये, होता. नाशिकजवळचा तो कारखाना १९६४ मध्ये मिगसाठीच उभा राहिला, त्यामुळे मामाच्या घरी इतरांकडे क्रिकेटच्या गप्पा चालतात तशा मिगच्या चालायच्या. माझं पहिलं विमान मिग-२१ एफएल, १९७१ च्या युद्धातलं, चमकत्या उघड्या ॲल्युमिनियमचं. प्रमाण १/७२. खऱ्या मिगच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, म्हणजे हे विमान पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम १० सेंटिमीटर. जानेवारीत पूर्ण झालं, डिकल एकदम झकास बसले.

फेब्रुवारीत दुसरं, मिग-२१ बिस. वरून हिरवा आणि तपकिरी, खालून फिकट करडा. डिकल त्याच कागदावरचे उरलेले, पाणी तेच, डिकल बसवायच्या सोल्यूशनची बाटली तीच. सकाळी बघतो तर दोन्ही पंखांवरच्या गोलांभोवती पांढरी कडा आणि नाकावरच्या नंबराखाली सगळीकडे ठिपके. त्याच आठवड्यात मामा आला होता. त्याने विमान हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "पंखाला पावडर लावलीयस का रे?"

मी ठरवून टाकलं की कागद जुना झाला. पण मग जानेवारीत त्याच कागदाने त्रास का नाही दिला? पहिलं उत्तर सुचलं ते असं, की चंदेरी विमानावर चंदेरी धुकं दिसणारच कसं, तेही बिघडलेलंच असेल. म्हणून रात्री खोलीतला दिवा घालवून मोबाइलचा टॉर्च एफएलच्या पंखाला जवळजवळ समांतर धरला आणि तो डिकलवरून सावकाश फिरवला. काही नाही. आकड्यांच्या मधली फिल्म आणि बाजूचं ॲल्युमिनियम यांत फरक शोधावा लागत होता. तसाच टॉर्च बिसवर धरला आणि फिल्मखाली शेकडो बारीक ठिपके चमकले, थंडीत गाडीच्या काचेवर दव असतं तसे. डिकल एकच, पाणी एकच. बदलला होता फक्त खालचा रंग. ॲल्युमिनियमचा रंग काचेसारखा गुळगुळीत होता, हिरवा-तपकिरी मॅट, म्हणजे बिनचकाकीचा.

मॅट रंग मॅट दिसतो तोच मुळी त्याचा पृष्ठभाग खडबडीत असतो म्हणून. डोळ्याला कळत नाही, पण रंगद्रव्याचे आणि मॅट करणाऱ्या भुकटीचे कण वर आलेले असतात, उजेड त्यांच्यावर पडून सगळीकडे विखुरतो. अशा जमिनीवर डिकलची फिल्म ठेवली की ती टेकड्यांवर टेकते, दऱ्यांत उतरत नाही. ओला असताना त्या दऱ्यांत पाणी असतं, म्हणून डिकल छान दिसतो. पाणी उडून गेलं की तिथे हवा शिरते. गोळेवाल्याकडचा बर्फ आठवा. लादी असते तेव्हा आरपार दिसतं, तोच बर्फ किसला की पांढराशुभ्र, कारण कणांच्या मधे हवा आली. वर सरबत ओतलं की पांढरेपणा गेला, कारण हवेची जागा सरबताने घेतली. डिकलखाली तेच घडतं. फिल्म आणि रंग यांचा अपवर्तनांक साधारण १.५, हवेचा १. अशा प्रत्येक सीमेवरून सुमारे ४ टक्के उजेड परत येतो. हवेच्या एकेका कप्प्याला वरची एक आणि खालची एक अशा दोन सीमा, आणि कप्पे हजारो. तेवढ्या परतलेल्या उजेडाचं पांढरं धुकं होतं.

हे डोक्यात बसलं की पुढचे सगळे उपाय एका वाक्यात येतात: हवा शिरू द्यायची नाही, आणि शिरलीच तर तिच्या जागी दुसरं काहीतरी भरायचं.

पण आधी खात्री करा की तुमच्याकडे सिल्व्हरिंगच आहे. पांढरं दिसलं म्हणजे सिल्व्हरिंग असं नसतं. डिकलच्या बाहेर, पाण्याचा थेंब सुकावा तशी गोल रांगोळी असेल तर ते पाण्यातले क्षार. मे महिन्यात आमच्या सोसायटीत टँकरचं बोअरचं पाणी येतं तेव्हा माझ्याकडे हमखास होतं. ओल्या इअरबडने पुसलं की जातं. तेव्हापासून मी डिकलसाठी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी वापरतो. एक बाटली वर्षभर पुरते. डिकलच्या कडेला पिवळट, चिकट, मळल्यासारखा पट्टा असेल तर तो बाहेर आलेला डिंक, तोही कोमट पाण्याने निघतो. आणि पांढरेपणा डिकलच्या आकाराला धरून नसून विमानभर दुधाळ पसरला असेल तर दोष क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, आहे, डिकलला हात लावू नका. सिल्व्हरिंगची खूण अशी, की ते फिल्मच्या हद्दीतच राहतं, पुसून जात नाही, आणि विमान फिरवलं की कमीजास्त होतं.

आता बिस. मी रडतखडत सगळे डिकल सेलोटेपने उपटले आणि ऐकलेला सल्ला पाळायचा ठरवला: डिकलच्या आधी ग्लॉस क्लिअर, म्हणजे चकचकीत पारदर्शक थर, मारायचा. सल्ला बरोबरच आहे. पण सोबत जी गोष्ट सांगायची असते ती कुणी सांगत नाही, की "ग्लॉस मारला" आणि "पृष्ठभाग ग्लॉस झाला" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी फजिती तिथेच झाली.

मे महिना, ठाण्यातली बाल्कनी, दुपारचे ३. रंग फवारायचा एअरब्रश नेहमीसारखा, ०.३ मिलिमीटरचा नोझल. ओघळ येऊ नये म्हणून मी हात लांब ठेवला आणि हलके हलके, भुरभुर, ४ थर दिले. बाटलीवर ग्लॉस लिहिलेलं होतं, थर ४ होते, म्हणून मी निश्चिंत. डिकल लावले, सकाळी पुन्हा पावडर.

झालं होतं असं, की उन्हाळ्यात थेंब विमानापर्यंत पोचेपर्यंत अर्धा सुकलेला असतो. तो पसरत नाही, तसाच गोळी होऊन चिकटतो. अशा गोळ्यांचे ४ थर म्हणजे बारीक सँडपेपर झाला. चकाकी थोडी होती, पण ती रव्यावर तूप सोडल्यासारखी. पंखावर नखाची पाठ फिरवली तर खर्र असा आवाज आला. हाच आवाज मी आधी ऐकायला हवा होता.

तेव्हापासून दोन चाचण्या केल्याशिवाय मी डिकलचा कागद पाकिटातून बाहेर काढत नाही. पहिली नखाची. नखाची पाठ, बोटाचं टोक नव्हे, हलक्या हाताने पंखावरून न्यायची. आवाज आला तर डिकल नाही. दुसरी ट्यूबलाइटची. विमान असं धरायचं की ट्यूबचं प्रतिबिंब पंखात पडेल. प्रतिबिंबाची कड सरळ आणि धारदार दिसली तर ठीक. कड दातेरी किंवा विरघळल्यासारखी दिसली तर अजून एक ओला थर हवा. उजेड दिसतोय एवढ्यावर समाधान मानू नका, कड बघा.

ओला थर द्यायचा म्हणजे नक्की काय? मी तामियाचं एक्स-२२ क्लिअर वापरतो, लेव्हलिंग थिनर घालून, साधारण अर्धंअर्धं, उन्हाळ्यात थिनर जास्त. लेव्हलिंग थिनर म्हणजे ज्यात सुकणं लांबवणारं द्रव्य असतं तो, म्हणून थेंबाला पडल्यावर पसरायला वेळ मिळतो. अंतर १० सेंटिमीटरच्या आसपास, दाब १५ पीएसआयच्या आगेमागे. पहिले दोन थर पातळ, चिकटण्यापुरते. ते थोडे सुकले की तिसरा असा, की एअरब्रश पुढे सरकतो आणि मागे ओली चकाकी उरते. ती चकाकी तुमच्या हाताला सांगते की वेग बरोबर आहे. मागे उरलेला पट्टा लगेच धुरकट दिसत असेल तर हात लांब आहे किंवा फार भरभर चाललाय. पाण्यासारखा लोट पंखाच्या मागच्या कडेला जमायला लागला तर थांबा, तो ओघळणार आहे. मिगच्या पंखामागे फ्लॅपच्या खाचा असतात, तिथे हमखास जमतं. कोरड्या ब्रशचं टोक लावलं की शोषलं जातं.

हे सगळं आधी प्लास्टिकच्या चमच्यावर करा. लग्नात आइस्क्रीमबरोबर मिळतात ते चमचे मी साठवतो. गोलाई असते, रंग मारायला दांडी असते, आणि प्रत्येकाच्या पाठीवर प्रमाण नि अंतर लिहून ठेवता येतं. हार्डवेअरच्या दुकानातला क्लिअर स्प्रे वापरायचा मोह होईल. त्याचं थिनर खालचा ॲक्रिलिक रंग खाऊ शकतं, म्हणून तो तर चमच्याशिवाय मुळीच नको. आणि लॅकर थिनर घरात मारत असाल तर गॅस गाळणारा मास्क लावा, कापडी मास्कने फक्त समाधान मिळतं.

ग्लॉस झाला की घाई नको. निदान १ दिवस, पावसाळ्यात २. कच्च्या ग्लॉसवर डिकल सॉफ्टनर (डिकल मऊ करणारं सोल्यूशन) पडला तर तो ग्लॉसमध्येच घुसतो आणि भेगा पडतात. नाकाने कळतं. विमान डब्यात तासभर झाकून ठेवा, झाकण उघडल्यावर थिनरचा वास आला तर अजून कच्चं आहे.

मग डिकल लावणं. इथे दोन बाटल्यांचा गोंधळ फार जणांचा होतो. मायक्रो सेट, निळ्या लेबलची, ही आधी लावायची. तिला व्हिनेगरचा वास येतो. ती डिकल बसायला आणि चिकटायला मदत करते. मायक्रो सोल, लाल लेबलची, ही डिकल जागेवर बसल्यावर वरून लावायची, ती फिल्म मऊ करते. मिस्टर मार्क सॉफ्टरचं कामही लाल बाटलीसारखंच. लाल लावल्यावर काही मिनिटांत डिकल सुरकुततो, अगदी पाण्यात भिजलेल्या बोटासारखा. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो आणि तो बोट लावून सरळ करायला जातो. तिथेच तो फाटतो. पाठ फिरवा, दुसरं काम करा. सुरकुत्या आपोआप बसतात आणि फिल्म पॅनल लाइनमध्ये, म्हणजे पत्र्यांच्या सांध्यांच्या खाचांत, उतरते. प्रत्येक छापखान्याची फिल्म वेगळी असते, म्हणून कागदावरचा नको असलेला एक डिकल आधी बळी द्या.

तिसऱ्या खेपेला बिस नीट झालं. टॉर्च मारला, नख फिरवलं, सगळं ठाकठीक. मला वाटलं, सुटलो.

तिसरी फजिती मिग-२१ बायसनवर झाली. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदिगडला हवाई दलाने शेवटच्या मिग-२१ ना निरोप दिला, त्या आठवड्यात मी करड्या रंगाचं बायसन सुरू केलं. पाऊस अजून हटला नव्हता. पहिला ग्लॉस दुधाळ झाला. थिनर झपाट्याने उडतं तेव्हा पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्या थरात उतरतं आणि पांढरी झाक येते. हे ओळखीचं होतं. दुसऱ्या दिवशी बंद खोलीत, एसी दोन तास चालवून हवा कोरडी केली, मग बाल्कनीच्या दारात एक्झॉस्टसमोर नुसतं लेव्हलिंग थिनर फवाऱ्यासारखं हलकं मारलं आणि थर पुन्हा पारदर्शक झाला. नखाची चाचणी पास, ट्यूबची पास.

तरी शेपटीवरचे डिकल पांढरे पडले. आणि पडले ते विचित्र: ठिपके नव्हते, कडेकडेने उठल्यासारखे मोठे पॅच. एका कोपऱ्याला चिमटा लावला तर डिकल सुकलेल्या पानासारखा उचलून आला. म्हणजे चिकटलाच नव्हता.

मग आठवलं. त्या संध्याकाळी ४ डिकल एकदम वाटीत टाकले आणि लाइट गेली. मेणबत्ती शोधणं, आईचा फोन, शेजारच्या काकूंना इन्व्हर्टरचं विचारणं, यात वीसेक मिनिटं गेली. परत आलो तेव्हा डिकल कागद सोडून पाण्यावर तरंगत होते. मला वाटलं, बरं झालं, सुटले आपोआप. पण डिकलच्या पाठीला जो डिंक असतो तो त्या वीस मिनिटांत वाटीत विरघळला होता. पाण्यात बोट घालून दोन बोटं चोळली असती तर बुळबुळीत लागलं असतं. डिंक नाही म्हणजे फिल्म आणि विमान यांच्यामध्ये काहीच नाही, म्हणजे पुन्हा हवाच. खालचा पृष्ठभाग आरसा असला तरी.

आता मी एका वेळी एकच डिकल भिजवतो. १० ते १५ सेकंद पाण्यात, मग बाहेर काढून ओल्या टिश्यूवर मिनिटभर. कागदातलं पाणी आपलं काम करत राहतं, डिंक जागेवर राहतो. बोटाने हलकं सरकवून बघायचं, सरकला की तयार. विमानावर कागदासकट न्यायचा आणि ब्रशने कागदावरून ढकलायचा. नंतर मधून बाहेर, मधून बाहेर असं ओल्या इअरबडने दाबायचं, घासायचं नाही. डिकल बसवताना खालचं पाणी जेवढं निघेल तेवढं काढा, पण डिंकासकट काढू नका. हा तोल हाताला दहा-बारा डिकलनंतर येतो, त्याआधी सांगून येत नाही.

आणि जे आधीच पांढरे पडलेत त्यांचं काय? वर मॅट मारलं की झाकलं जाईल असं बऱ्याच जणांना वाटतं. नाही जात. हवा फिल्मच्या खाली आहे, तुम्ही वरून काहीही मारा. मॅटच्या आधीच हे निस्तरावं लागतं. टॉर्च तिरका धरा आणि जिथे चमकतंय तिथे नव्या ब्लेडच्या टोकाने किंवा बारीक सुईने टोचा. नव्या, कारण बोथट टोक फिल्म फाडतं. पॅनल लाइनवर डिकल ताणलेला असेल तर टोचण्याऐवजी लाइनच्या बाजूने बारीक चीर द्या. मग लाल सोल्यूशनचा थेंब त्या भोकांवर सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पुन्हा टॉर्च. निम्मं गेलेलं असतं. उरलेल्यावर पुन्हा टोचा, पुन्हा थेंब. बायसनच्या नाकावरचा नंबर मला ४ दिवस पुरला.

सोल्यूशनने हार मानली तर सरबताची युक्ती. पातळ केलेला पाण्याचा ॲक्रिलिक ग्लॉस ब्रशच्या टोकाने भोकांच्या तोंडाशी सोडायचा. तो केशाकर्षणाने आत ओढला जातो आणि हवेची जागा घेतो. टॉर्चच्या उजेडात हे घडताना दिसतं, चंदेरी डाग कडेकडून आत आकसत जातो आणि फट्दिशी नाहीसा होतो. इतकं बघायला छान वाटतं की एका संध्याकाळी मी ठीक असलेले डिकलही टोचायला निघालो होतो. डिंकच धुतला गेलेला असेल तर मात्र टोचत बसू नका. डिकल ओला करून उचला, खाली तोच ग्लॉस ब्रशने ओला लावा आणि डिकल ओल्या ग्लॉसमध्येच बसवा. सरकवायला पाऊण मिनिट मिळतं, फार तर. बायसनची शेपटी मी अशीच वाचवली.

मॅट आधीच मारून झाला असेल आणि खाली सिल्व्हरिंग असेल तर बारीक जागा टोचून बघा, पण आशा कमी ठेवा. मोठा गोल असेल तर सरळ १५००-२००० च्या ओल्या सँडपेपरने तेवढा भाग घासून काढा आणि गोल रंगाने मारा. तिरंगी गोल मास्क करायला, म्हणजे बाजूचा भाग झाकून रंगवायला, सोपा असतो, आधी पांढरा मोठा, मग बाहेरचा केशरी, मधला हिरवा, आणि त्याला कसली फिल्मच नसते.

बिसच्या पोटाखाली, चाकाच्या झाकणाजवळ, ३ मिलिमीटरचा एक स्टेन्सिल, म्हणजे बारीक अक्षरांचा डिकल, अजून पांढरा आहे. चार वेळा टोचला, ऐकत नाही. मामाने मागच्या खेपेला विमान उलटं करून नेमका तोच बघितला.